खिडकीखालची मूर्च्छा

सांगलीच्या आमच्या घरातल्या लाकडी कपाटात वडिलांची ‘संगीत संशयकल्लोळ’ची प्रत अजून आहे. तिचा पुठ्ठा सुटला आहे, शिवण सैल झाली आहे आणि प्रत्येक छापील पानानंतर एक कोरे पान घालून ती पुन्हा बांधलेली आहे, कारण वडील एका हौशी मंडळीचे प्रॉम्प्टर होते आणि त्यांना टिपणांसाठी जागा लागत असे. रंगमंचावर ते कधी आले नाहीत, पण विंगेत एका लाकडी स्टुलावर बसून त्यांनी या नाटकाचे कितीतरी प्रयोग शब्दाशब्दाने पार पाडले. पहिल्या अंकात कृत्तिका खिडकीत येते त्या जागी त्यांनी तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ ओढली आहे आणि शेजारी लिहिले आहे, ‘खिडकी पूर्ण उघडू दे. मग वाक्य.’

ती खिडकी मला चांगली आठवते. नेपथ्याचा फ्लॅट साधा कापडाचाच होता, पण मंडळींनी पाडलेल्या एका वाड्यातली खरी सागवानी चौकट आणून त्यात बसवली होती. दोन झडपा, पितळी कडी आणि उजव्या झडपेची कुरकुर. कृत्तिकेचे काम करणाऱ्या बाई फ्लॅटमागे चौरंगावर उभ्या राहत. कडी निघाल्याचा आवाज आला की पुढच्या रांगांतली मुले माना वर करत आणि मोठी माणसे आधीच हसू लागत, कारण खाली रस्त्यावर काय चालले आहे हे त्यांना ठाऊक असे. मूर्च्छित पडू लागलेल्या रेवतीला फाल्गुनरावांनी सावरलेले आहे. त्यात पाप काही नाही, पण वरून पाहणाऱ्या बायकोला ते तसे दिसणार नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, पुण्यात फ्रेंच शिकत असताना, फ्रेंच नाटककार मोलिअरची एक लहानशी एकांकी सुखात्मिका मी सरावासाठी वाचायला घेतली. ‘स्गानारेल, अर्थात कल्पनेतला व्यभिचारिणीपती’ असे काहीसे तिचे नाव मराठीत करता येईल. मूळ फ्रेंच शब्द याहून फार आखूड आणि फार टोचणारा आहे, आणि त्याला मराठीत तितका चटपटीत प्रतिशब्द नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रवेशात एक तरुणी रस्त्यात मूर्च्छित होते, तिच्या हातून प्रियकराची छोटी तसबीर खाली पडते, शेजारचा एक गृहस्थ तिला सावरायला धावतो, आणि त्याच्या बायकोच्या नावापुढे कंसात रंगसूचना येते: ‘खिडकीतून पाहत’. त्या शब्दांपाशी मी थांबले. वाड्यातल्या त्या कडीचा आवाज मला खरोखर ऐकू आला.

देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मर्फी नावाच्या इंग्रजी नाटककाराच्या कृतीवरून घेतलेले आहे आणि मर्फीच्या मागे मोलिअर उभा आहे, हे मराठी नाटकाच्या कुठल्याही इतिहासात दोन ओळींत लिहिलेले सापडते. ते मी परीक्षेसाठी पाठही केले होते. परंतु दोन ओळींत माहीत असणे वेगळे आणि तीच खिडकी पॅरिसच्या एका भिंतीत उघडलेली पाहणे वेगळे. तेव्हापासून या छोट्या नाटकाच्या परदेशातल्या वाटचालीचा मी जमेल तसा मागोवा घेत आले आहे.

नाटक प्रथम झाले ते 28 मे 1660 रोजी, पॅरिसच्या पेती-बुर्बाँ नाट्यगृहात. मोसम वाईट होता. चौदावा लुई लग्नासाठी दक्षिणेत स्पेनच्या सरहद्दीकडे गेला होता, दरबार त्याच्याबरोबर होता आणि प्रतिष्ठित प्रेक्षकांविना शहर ओस पडले होते. असे असूनही नाटक चालले, आणि इतके चालले की मोलिअरच्या हयातीत त्याच्या मंडळीने सर्वांत अधिक वेळा केलेले नाटक हेच ठरले. ‘तार्त्युफ’ नव्हे, ‘मिझांथ्रोप’ही नव्हे, तर पद्यातला हा एक अंक. स्गानारेलचे काम मोलिअर स्वतः करी. त्याच्या मृत्यूनंतर 1673 साली घरातल्या चीजवस्तूंची जी यादी झाली तिच्यात या भूमिकेचा पोशाख नोंदलेला आहे: तुमान, बंडी, झगा, गळपट्टी आणि जोडे, सगळे किरमिजी तांबड्या साटिनचे. मध्यमवर्गीय, भित्रा, आपल्या अब्रूविषयी सदैव धास्तावलेला असा तो माणूस नखशिखान्त लाल रंगात प्रेक्षकांपुढे उभा राहत असे, ही एक नोंद मला त्या प्रयोगांविषयी पुष्कळ सांगून जाते.

आणखी एक साक्षीदार आहे, पण तो चोर आहे. ला नफव्हिलनेन अशा नावाने वावरणाऱ्या एका गृहस्थाने हे नाटक पाच-सहा वेळा पाहिले, ते आपल्याला सबंध पाठ झाल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने ते प्रकाशक रिबूच्या हाती दिले. मोलिअरला कोर्टाची पायरी चढावी लागली. पण या चोरीमुळे आपल्याला एक ठेवा मिळाला आहे, कारण त्या आवृत्तीत प्रत्येक प्रवेशाला त्याने आपल्या शब्दांत प्रस्तावना जोडली आहे आणि रंगमंचावर काय दिसले ते लिहून ठेवले आहे. एका प्रवेशातील स्गानारेलची मुद्रा आणि पवित्रा वर्णन करायचा तर पूसाँ, ल ब्रँ आणि मिन्यार या चित्रकारांचे कुंचले हवेत, असे तो म्हणतो. मला या माणसाचा राग धरवत नाही. स्वतःचे एकही वाक्य न बोलता दुसऱ्याचे सबंध नाटक तोंडपाठ असणारा माणूस मी घरात पाहिलेला आहे.

कथानक तसे मूठभर आहे. सेलीच्या बापाला जावई श्रीमंत हवा आहे आणि तिचे मन परगावी गेलेल्या लेलीवर आहे. ती मूर्च्छित होते, तसबीर पडते, स्गानारेलची बायको खाली येऊन ती उचलते आणि चित्रातल्या देखण्या पुरुषाकडे कौतुकाने पाहू लागते. तेवढ्यात नवरा येतो आणि तिच्या हातून तसबीर हिसकावून घेतो. मग लेली परत येतो, आपलीच तसबीर या परक्या माणसाच्या हातात पाहतो, ‘ही मला माझ्या बायकोकडून मिळाली’ असे त्याच्या तोंडून ऐकतो आणि सेलीने याच्याशी लग्न केले असे समजून स्वतःच घेरी येऊन कोसळू लागतो. आता त्याला आधार द्यायला धावते ती स्गानारेलची बायको. पहिली मूर्च्छा बायकोने पाहिली, दुसरी नवऱ्याला पाहावी लागते. पराचा कावळा होतो म्हणतात, पण इथे प्रत्येकाच्या हाती खरोखरच एक पर दिलेले आहे. कोणीही खोटे बोलत नाही, कोणीही कपट करत नाही; चौघांनीही जे पाहिले ते खरेच घडले होते. शेवटी एक दासी चौघांना ओळीने साधे प्रश्न विचारते आणि गुंता सुटतो.

नाटक संपता संपता स्गानारेल प्रेक्षकांना सांगतो की डोळ्यांनी सगळे पाहिलेत, तरी कशावरही विश्वास ठेवू नका. हातच्या काकणाला आरसा कशाला असे म्हणत आलेल्या आपल्या कानांना हे वाक्य खटकते, आणि ते तसे खटकावे अशीच त्याची योजना आहे. मोलिअरचा आरोप डोळ्यांवर आहे. स्गानारेल जन्माचा संशयी नाही. तसबीर दिसेपर्यंत त्याच्या मनात काहीच नव्हते. या नाटकाने पुढे देशांतर केले तेव्हा जे बदलले ते मुख्यतः हेच, असे मला वाटते.

जर्मनीत ते 1670 सालीच पोचले. इंग्रज आणि फ्रेंच नटांच्या खेळांचा जो संग्रह तिकडे छापला गेला त्यात त्याचा अनुवाद आहे. इंग्लंडात ते त्याही आधी गेले. विल्यम डॅव्हनंटने 1663 च्या उन्हाळ्यात ‘द प्लेहाउस टु बी लेट’ नावाचा एक मिश्र खेळ केला. न्यायालयांची दीर्घ सुट्टी असल्याने लंडन रिकामे आहे, नाट्यगृह बंद आहे, ते भाड्याने द्यायचे आहे, आणि निरनिराळे लोक जागा मागायला येऊन आपापला नमुना दाखवतात, अशी त्याची मांडणी. त्यातली एक मंडळी फ्रेंच आहे, आणि ती दुसऱ्या अंकात मोडक्यातोडक्या, फ्रेंच हेलाच्या इंग्रजीत सादर करते ते नाटक म्हणजे ‘स्गानारेल’. इंग्लिश रंगभूमीवर मोलिअरचा पहिला प्रवेश झाला तो असा, परदेशी पाहुण्याच्या उच्चारांची गंमत म्हणून. अनुवाद करताना त्यातले परकेपण झाकण्याऐवजी तेच प्रेक्षकांपुढे ठेवावे, ही डॅव्हनंटची युक्ती मला धाडसाची वाटते, पण त्या वाटेने पुढे कोणी गेले नाही. पुढच्यांनी ते नाटक इंग्रज करून टाकले. 1676 मध्ये त्याचे धागे एका सुखात्मिकेत विणले गेले. 1707 मध्ये व्हॅनब्रूने ते हेमार्केटच्या नाट्यगृहासाठी इंग्रजीत आणले, पण ती संहिता छापली गेली नाही आणि हरवली.

आर्थर मर्फीने मात्र त्याचा सांगाडाच रुंद केला. मर्फी आयरिश होता, काही काळ नट होता, पुढे वकील झाला. 1761 च्या उन्हाळ्यात सॅम्युएल फूट या नटाबरोबर त्याने चालक गॅरिककडून ड्रुरी लेन नाट्यगृह हंगामापुरते घेतले आणि 15 जून रोजी आपले पाच अंकी ‘ऑल इन द राँग’ तिथे लावले. पॅरिसमध्ये दरबार नसतानाचा मे महिना, लंडनमध्ये डॅव्हनंटची सुट्टी, आणि आता भाड्याच्या रंगमंचावरचा जून: मोठी नाटके विश्रांती घेत असताना रिकाम्या राहिलेल्या जागेत हे नाटक तीनदा उभे राहिले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

एका अंकाचे पाच अंक करायचे म्हणजे भर घालणे आलेच, आणि मर्फीने ती दोन ठिकाणी घातली. प्रेमिकांची आणखी एक जोडी त्याने आणली. पण खरी भर पडली ती नवराबायकोत. त्याच्या नायकाचे नाव सर जॉन रेस्टलेस, म्हणजे अस्वस्थ. आणि त्याची पत्नी लेडी रेस्टलेस त्याच्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, अस्वस्थ आहे. आता संशय तसबिरीतून जन्मत नाही. तो घरात आधीच नांदत असतो आणि तसबीर मिळताच त्याला पुरावा सापडतो. बायको नोकरांची उलटतपासणी घेते, नवरा नोकरांवर पाळत ठेवतो. मोलिअरकडे माणसे पाहून फसत होती. मर्फीकडे माणसे फसण्यासाठी पाहू लागली. यात काही हरवलेही. स्गानारेलचे एक लांबलचक स्वगत आहे, ज्यात अब्रू त्याला सूडासाठी ढकलते आणि पोटातली भीती मागे ओढते, आणि शेवटी मेलेल्या अब्रूदाराहून जिवंत बेअब्रू बरा अशा निष्कर्षाला तो येतो. त्यानंतर तो चिलखत चढवून शत्रूपुढे येतो आणि हे काय म्हणून विचारल्यावर पावसासाठी घातले आहे असे सांगतो. मराठीत येईपर्यंत ते चिलखत गळून पडले होते. मराठीत फाल्गुनराव झालेल्या गणपतराव बोडसांना ते स्वगत करायला मिळाले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले. 1893 साली त्यांनी मर्फीच्या नाटकाचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य रूपांतर केले. एवढ्या उड्यांनंतर नाटक नवखे वाटायला हवे होते, पण ते कोणालाच तसे वाटत नाही, कारण देवलांनी नावांपासूनच सगळे आपल्या अंगणात आणले. पुरुष महिन्यांचे, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायका नक्षत्रांच्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. लहानपणी मी पंचांगातली नावे शिकले ती काही प्रमाणात या नाटकावरून. पण देवलांनी केलेला सर्वांत मोठा बदल नावांचा नाही. मोलिअरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या खानदानी घरातल्या, बापाच्या धाकातल्या मुली आहेत. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे.

या एका बदलाने संशयाचे वजनच बदलते. सेलीवर लेलीला संशय येतो तो तसबिरीमुळे. रेवतीवर संशय घ्यायला समाजाने कारण आधीच तयार ठेवलेले आहे. ती ज्या घरात जन्मली ते घरच तिच्याविरुद्ध साक्ष देते. म्हणून तिचा प्रियकर अश्विनशेठ रुसतो तेव्हा प्रेक्षागृहातले हसू क्षणभर पातळ होते. माझ्या आईला हा भाग आवडत नसे आणि का आवडत नाही ते ती कधी बोलली नाही, पण रेवतीची समजूत पटेपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून राही. देवलांनी 1887 मध्ये ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते. गणिका असूनही ज्या स्त्रीचे प्रेम निखळ आहे अशी वसंतसेना त्यांच्या लेखणीखालून गेलेली होती. फ्रेंच सुखात्मिकेच्या मांडणीत त्यांनी रेवतीला बसवले तेव्हा वसंतसेना त्यांच्या मनात कुठेतरी असावी, असे मी धरून चालते. त्यांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ तेवढे स्वतंत्र, बाकीची आधारित, असे सांगताना आपला स्वर उगाच खाली जातो. रेवतीला नायकिणीच्या घरी जन्माला घालणाऱ्या माणसाला नुसता रूपांतरकार म्हणणे मला जड जाते.

पदे पुढे आली. गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी नाटक संगीत केले, त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले, आणि 14 जून 1916 रोजी देवल गेले. प्रयोग रंगमंचावर आला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. बालगंधर्व रेवती झाले, बोडस फाल्गुनराव. आपल्या नाटकाची ‘कर हा करी धरिला’ किंवा ‘मृगनयना रसिक मोहिनी’ घराघरांत पोचलेली ऐकणे देवलांच्या नशिबी नव्हते. हे लिहिताना हरिपूरचा चिंचांच्या सावलीतला रस्ता डोळ्यांपुढे येतो आणि मला थोडे थांबावे लागते.

गाण्यांनी नाटकाची चाल बदलली, हे उघड आहे. मोलिअरचा अंक धावतो. एक गैरसमज मावळायच्या आत दुसरा उगवतो आणि कोणाला विचार करायला उसंत मिळत नाही. संगीत नाटकात पात्र थांबते, तंबोऱ्याच्या आधाराने आपला संशय घोळवते, आणि तो असा घोळवला की त्याचे स्वरूप मनोव्यथेचे होते. नाटकातल्या एका पदाची सुरुवात आहे ‘संशय का मनी आला’. संशय आला तो डोळ्यांत नव्हे, मनी. आणि शेवटचे पद, ‘हृदयी धरा हा बोध खरा’, त्याला सरळ भूतच म्हणते, ‘संशय खट झोटिंग महा’, आणि त्याला जरासुद्धा ठाव देऊ नका असे बजावते. मोलिअर म्हणाला होता की पाहिलेले खरे मानू नका. मराठी नाटक म्हणते की मनात थारा देऊ नका. या दोन वाक्यांच्या मध्ये अडीचशे वर्षे, दोन समुद्र आणि तीन भाषा आहेत. पहिल्यात दोष जगाच्या दिसण्यात आहे, दुसऱ्यात तो माणसाच्या आत शिरून बसला आहे. झोटिंगाला काढण्यासाठी दासीचे चार प्रश्न पुरत नाहीत. त्यासाठी सगळ्यांनी मिळून गावे लागते.

तरीही खिडकी टिकली. शहरे बदलली, पद्याचे गद्य झाले आणि गद्यात पदे आली, एकाचे पाच अंक झाले, किरमिजी साटिनच्या जागी अंगरखा आणि पगडी आली, चिलखत गेले, नायिकेचे कूळ बदलले. पण खाली मूर्च्छा, वर खिडकी आणि जमिनीवर पडलेली तसबीर ही तीन टोके कोणी हलवली नाहीत. पूर्वी मला वाटे की नाटक एका देशातून दुसऱ्या देशात जाते ते संवादांच्या बळावर. आता वाटते, ते जाते कोण कुठून काय पाहतो या रचनेवर. ती कोणत्याही भाषेत पुन्हा उभी करता येते, कारण तिच्यासाठी फक्त एक भिंत आणि थोडी उंची लागते. अलीकडे प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांचा अश्विनशेठ पाहायला मी भाचीला घेऊन गेले होते. तिला देवल ठाऊक नव्हते आणि मोलिअर हे नावही तिने ऐकले नव्हते. ‘संशयकल्लोळ’ हा शब्द मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून तिच्या चांगल्या परिचयाचा होता. पहिल्या अंकात फाल्गुनराव रेवतीला सावरू लागताच तिने माझे मनगट धरले आणि कुजबुजली, ‘आत्या, आता हिची बायको बघणार.’ हिची नव्हे, त्याची, असे मी म्हणणार होते, पण म्हटले नाही.

घरी आल्यावर वडिलांची प्रत काढली आणि फ्रेंच पुस्तक तिच्या शेजारी उघडून ठेवले. एकीकडे छापील, ‘खिडकीतून पाहत’. दुसरीकडे तांबडी पेन्सील, थोडी फिकट झालेली, ‘खिडकी पूर्ण उघडू दे. मग वाक्य.’ त्या टिपणाच्या खाली आणखी एक ओळ आहे, ती या वेळेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती, कारण ती तांबड्या नव्हे तर साध्या पेन्सिलीने, बहुधा नंतरच्या एखाद्या प्रयोगाच्या वेळी, अगदी बारीक लिहिलेली आहे: ‘उजव्या झडपेला तेल नको. आवाज असू दे.’